चाक, जमीन आणि ऐट : वऱ्हाडातील वाहनशैलीचा एक अभ्यास

सौंदर्यशास्त्राच्या तासाला 'शैली' हा शब्द निघाला की आपली नजर आपोआप काव्याकडे, चित्राकडे, फार तर नृत्याकडे वळते. सायकलकडे ती वळत नाही. वस्तुतः ऐट, ढब, नखरा, वळण हे शैलीचे अस्सल मराठी पर्याय अक्षराला आणि चालीला जितके लागू पडतात तितकेच वाहनालाही पडतात. अमुक पोरगा सायकल मोठ्या ऐटीत मारतो, असे आपण सहज म्हणून जातो. त्या 'ऐटीत' म्हणजे नेमके कशात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाश्चात्त्य देशांत या विषयावर पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात स्केटबोर्डला अग्रपूजेचा मान असतो. चार लहान चाकांची ती फळी. तिला ना हँडल, ना ब्रेक. कॅलिफोर्नियातील समुद्रलाटांवर फळीने घसरणाऱ्या मुलांनी लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर घसरावे, अशी तिची सुरुवात. १९७० च्या दशकाच्या आरंभी पॉलियुरेथेनची, म्हणजे जमीन धरून ठेवणारी चाके आली. पुढे १९७६-७७ च्या दुष्काळात तेथील घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे पडले आणि ही पोरे त्या रिकाम्या हौदांच्या गोलसर भिंतींवर चढू-उतरू लागली. हौद पोहण्यासाठी बांधलेला, पण त्याला दुसराच अर्थ प्राप्त झाला. दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातील ॲलन गेलफँड याने हात न लावता फळीसकट हवेत उडण्याची युक्ती काढली, आणि रॉडनी मलेन याने ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने शेपटीकडील भाग जमिनीवर आपटायचा आणि उसळलेल्या फळीवरून पुढचा पाय पुढे घासत न्यायचा, की फळी पायाला चिकटल्यासारखी वर येते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला आणि ऐटीला गुण देणारे परीक्षकही बसले.

मग हे वऱ्हाडात का रुजले नाही? आपण मागासलेले म्हणून, असे उत्तर देणारे मित्र आहेत. मला ते पटत नाही. स्केटबोर्डचे चाक जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाचे. त्याला रस्त्यावरचा खडादेखील डोंगर होतो. आपली जमीन काळी, पावसाळ्यात बंडीला आसापर्यंत गिळणारी. म्हणून आपल्या बंडीचे चाक उंच, त्याला लोखंडी धाव. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर अखंड अंथरून जागतिक विक्रम झाला, हे खरे. पण महामार्गावर कोणी फळीवर घसरत नाही आणि गल्लीत तसा थर पडत नाही. ज्या जमिनीवर जे चाक चालते त्या चाकावरच ऐट चढते. तेव्हा स्केटबोर्ड शोधण्यापेक्षा आपल्या चाकांकडे पाहावे, हे बरे.

आपले चाक म्हणजे सायकलचे. तासाच्या भाड्याने घेतलेली उंच काळी सायकल, सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून मारलेली कैची, हे आपल्या आधीच्या दोन पिढ्यांचे प्राथमिक शिक्षण होते. स्वतःची सायकल झाली की आरशांची जोडी, मुठींना गोंडे, तारांत रंगीत मणी आणि नक्षीदार सीट कव्हर. घरची मंडळी याला उधळपट्टी म्हणत. परंतु कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या हजारो सायकलींतून आपली ओळखू यावी, ही इच्छा उधळपट्टी खासच नव्हे.

खरी शैली मात्र स्वाराच्या अंगात. १९७०-८० च्या दशकांत खेडोपाडी 'सतत सायकल'चे प्रयोग होत, ते मला या सर्व विषयाचे शिखर वाटतात. बाजाराच्या पटांगणात आखलेल्या वर्तुळात एक माणूस दिवसच्या दिवस पाय न टेकता फिरत राही. जेवण, आंघोळ, दाढी, सारे सायकलवरच. संध्याकाळी गाव जमले, भोंग्यावर गाणी लागली, की खेळ सुरू. सीटवर उभे राहणे, उलटे बसून मारणे, धावत्या सायकलवरून वाकून जमिनीवरची नोट तोंडाने उचलणे. लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचत. आपल्या भागातले शंकरपट आठवा. तळेगाव दशासरचा पट तर सर्वज्ञात आहे. तेथे घड्याळ हा एकच परीक्षक, आणि धुरकऱ्याची बसण्याची ढब कितीही देखणी असली तरी तिला गुण नाहीत. सायकलवाल्याच्या वर्तुळात घड्याळाला वेग मोजायचाच नव्हता. तो कोठेच पोहोचत नव्हता, आणि म्हणूनच लोक 'किती' ऐवजी 'कसे' पाहत.

स्नेहसंमेलनातील संथ सायकल शर्यत ही याच कलेची धाकटी बहीण. शेवटी पोहोचेल तो जिंकला! सायकल डावीकडे कलली की नवखा घाबरून हँडल उजवीकडे ओढतो आणि पडतो. जाणता मात्र हँडल कलत्या बाजूलाच किंचित वळवतो, म्हणजे चाके पुन्हा त्याच्या भाराखाली येतात. पडण्याला विरोध न करता त्याला वाट द्यायची, हे त्यातले मर्म. मल्लखांबपटूंना हे समजावून सांगावे लागणार नाही. ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि ज्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले, त्या गावाला शरीराची ऐट हा अभ्यासाचा विषय वाटू नये, याचे आश्चर्य वाटते.

आता सजावटीविषयी. पोळ्याला बैलाला बेगड, बाशिंग, झूल, घुंगरू चढतात आणि तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. त्यांत देवाचे नाव असते, तसाच सावकाराला आणि सरकारला चिमटाही असतो. ट्रकच्या फाळक्यावर आणि ऑटोरिक्षाच्या पाठीवर जी वचने, शेर, आईचे आशीर्वाद लिहिलेले असतात, ती मला या झडत्यांचीच पुढली पिढी वाटतात. पोट ज्या जनावरावर चालते त्याला सजवायचे, ही रीत बैलाकडून इंजिनाकडे आली. एस. टी.ची बस मात्र कोणाचीच नाही, म्हणून तिला सजावटही नाही.

कायद्याला यातले काही रुचते, काही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. महाराष्ट्रात २०१५ साली 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास बंदी झाली, कारण ते विनाकारण भोंगा वाजवण्याचे आमंत्रण ठरते. इंग्रजी ४१४१ ला थोडा ताण देऊन त्यातून 'दादा' उमटवणारी कल्पकताही १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांवर सरकारी क्रमांकपट्टीने संपवली. अपघातात माणसे मरतात, तेव्हा सांगाडा कापून लांबवण्याला कला म्हणून पाठीशी घालता येणार नाही. बुलेटचा सायलेन्सर बदलून मध्यरात्री गल्ली हादरवणारे वीरही मला शैलीदार वाटत नाहीत. चित्र नको असेल तर नजर फिरवता येते, पण कान कोठे फिरवणार? फाळक्यावरच्या मोराने मात्र अजून कोणाची झोपमोड केलेली नाही.

त्या मोराला धोका कायद्यापेक्षा रेडियमचा अधिक आहे. यंत्राने कापलेली चकचकीत अक्षरे तासाभरात चिकटतात. ती स्वस्त पडतात, रात्री चमकतात, आणि मालकाला तेच हवे असते. त्याला दोष कसा द्यावा? पण पेंटरचा 'श्री' प्रत्येकाचा निराळा असे. कोणाची वेलांटी लांब, कोणाच्या अक्षरामागे लाल सावली. मराठी विभागाने झडत्या टिपून घेण्याचा उपक्रम कधी हाती घेतलाच, तर बडनेरा आणि मूर्तिजापूर येथे उभ्या असणाऱ्या जुन्या ट्रकांचे फाळकेही उतरवून घ्यावेत, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. वचन आणि गाडीचा क्रमांक टिपून झाला की खाली उजव्या कोपऱ्यात पाहावे. तेथे बोटभर जागेत पेंटरचे नाव आणि गाव लिहिलेले असते.