मित्राच्या पाकिटातली ट्रॅमाडॉल

चाकण-तळेगाव सोडून तमिळनाडूतल्या ओरगडमच्या वाहन कारखान्यांत गेलेले वाचक कंबरदुखीबद्दल विचारतात. पाळीभर उभं राहणं, रात्रपाळीने मोडलेली झोप, आणि मग सहकाऱ्याने दिलेली ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी. ‘त्याला आराम पडला, मला का नाही?’ प्रश्न रास्त आहे. उत्तराचा धागा उंदरांवरच्या प्रयोगांत सापडतो.

१९६८ साली संशोधक टेनेन यांनी उंदरांच्या मेंदूतलं सिरोटोनिन हे रसायन औषधाने घटवलं आणि मग मॉर्फिन दिलं. मॉर्फिनचा वेदनाशामक परिणाम कमी झाला! पुढच्याच वर्षी रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूत विजेचं उद्दीपन देऊन, भुलीविना पोटाची शस्त्रक्रिया केली. म्हणजे वेदना अडवण्याची सोय मेंदूतच आहे. तिथून मज्जारज्जूत उतरणारे तंतू सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन सोडतात, वर जाणारा दुखण्याचा निरोप दाबतात. (सिरोटोनिन काही वेळा दुखणं वाढवतंही, हे गणित सरळ नाही.)

ट्रॅमाडॉल याच यंत्रणेवर चालतं. ते स्वतः ही दोन रसायनं टिकवून धरतं, आणि यकृतात त्याचं रूपांतर झाल्यावर मॉर्फिनसारखं काम करतं. हे रूपांतर काहींच्या शरीरात जन्मतःच कमी होतं, काहींच्या फार वेगाने. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल, तर रूपांतर अडतं: दुखणं कमी होत नाही, पण सिरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. थरथर, घाम, ताठरलेले स्नायू, ताप, गोंधळ किंवा फिट आली तर १०८ ला फोन करा. उलटीवरच्या ऑन्डनसेट्रॉननेही ट्रॅमाडॉलचा गुण कमी झाल्याचं शस्त्रक्रियेनंतरच्या काही अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, दुसऱ्याची गोळी घेऊ नका. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थ कायद्याखाली आहे आणि त्याची सवय लागते. दारूबरोबर तर मुळीच नको, श्वास मंदावतो. नैराश्याची गोळी मात्र मनाने बंद करू नका. डॉक्टर तमिळ बोलत असतील आणि तुम्हाला भाषा जमत नसेल, तर चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. त्यांवरची नावं कोणताही डॉक्टर वाचेल. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर कुठलीही वेदनाशामक गोळी घेत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.