गुरुजी बदलतात तेव्हा

पालकहो,

संगीत वर्गातले जुने सर थांबले, त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं, की पहिल्या महिन्यातच काही मुलांची नावं कमी होतात. नंदुरबार म्हणा, शहादा म्हणा, तळोदा म्हणा, हे होतंच. वह्या कपाटात जातात, हार्मोनियमवर कापड पडतं आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘सर होते तोवर ठीक होतं.’ त्या वाक्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. त्यामागची माया मला कळते. ज्या माणसाने तुमच्या पोरीला पहिला ‘सा’ लावायला शिकवलं, त्याच्या जागी दुसरं कोणी बसलेलं बघवत नाही. पण तिचं शिकणं याच वळणावर थांबवलं, तर त्याच माणसाची मेहनत अर्ध्यावर सोडल्यासारखं होईल.

बदल होतो कशामुळे, तेही बघा. वर्ग वाढले आहेत. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले, टीव्हीवरच्या स्पर्धांनी लहान मुलांना माइकसमोर उभं केलं, आणि जिथे सतरंजीवर सात-आठ मुलं बसायची तिथे आता दुपारी एक आणि संध्याकाळी दोन तुकड्या भरतात. सत्तरीला आलेले गुरुजी रोज एवढा वेळ गळा चालवू शकत नाहीत. मग त्यांच्याच हाताखाली विशारद झालेली एखादी मुलगी प्रारंभिकची मुलं घेऊ लागते, पुढे प्रवेशिकेचीही घेते, आणि एक दिवस वर्गाची किल्ली तिच्याकडे येते. तुम्हाला हे अचानक झाल्यासारखं वाटतं. वर्गात मात्र ही तयारी दोन-तीन वर्षं चाललेली असते.

मुलांचे परीक्षेचे अर्ज भरताना ‘गांधर्व महाविद्यालय’ हे नाव तुम्ही वाचलेलं असतं. त्या नावामागची हकीकत प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवी. कुरुंदवाडचे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. लहानपणी फटाक्याने पलुस्करांची नजर अधू झालेली होती. त्या माणसाने 5 मे 1901 रोजी थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे बहुतेक वेळा गुरूच्या घरी राहायचं, त्याची सेवा करायची आणि त्याची मर्जी होईल तेव्हा चार सुरावटी पदरात पाडून घ्यायच्या. पलुस्करबुवांनी फी घेऊन, वेळापत्रक लावून, तुकड्या पाडून, छापील पुस्तकं हातात देऊन शिकवायला सुरुवात केली. तुमची मुलगी आज पाच ते सहा वर्गाला जाते आणि घरी येऊन गणिताचा अभ्यास करते, ती सोय त्यांच्या या धाडसातून आली.

1908 मध्ये त्यांनी मुंबईला शाखा काढली. ती झपाट्याने वाढली. सँडहर्स्ट रोडला स्वतःची इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. ते कर्ज फेडण्यासाठी बुवा देशभर मैफली करत हिंडले आणि तरीही ते फिटलं नाही. 1920 च्या दशकात ती वास्तू लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. वास्तू गेली, पाठोपाठ संस्थापकही गेले. त्या वेळी कोणाही पालकाला वाटलं असतं की आता ही शाळा संपली.

ती संपली नाही, कारण बुवांनी सुरुवातीपासून एक वर्ग वेगळा चालवला होता. त्याला उपदेशक वर्ग म्हणत. तिथली मुलं संस्थेत राहून शिकत आणि पुढे शिक्षक होण्याचं वचन देत. गवई थोडे निघाले तरी चालतील, शिकवणारे पुष्कळ निघाले पाहिजेत, हे बुवांनी फार आधी ओळखलं होतं. मला त्यांच्या सगळ्या कार्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. बुवा गेले त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. मुलं ज्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्याला विद्यालय काढलं. त्याआधी 1925 मध्ये बी. आर. देवधरांनी मुंबईत स्वतःची शाळा सुरू केली होती. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनेला सूर देत होते. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. एका माणसाच्या जागी एक माणूस आला असं झालं नाही. एकाच्या जागी अनेक उभे राहिले, आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या गळ्याने गायला.

आता एका मुलाबद्दल सांगते. बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. बाप गेला, गुरूही गेला, एकाच दिवशी. त्या पोराला कोणी सांभाळलं? वडिलांच्याच शिष्यांनी. विनायकबुवा पटवर्धनांनी शिकवलं, नारायणराव व्यासांनी शिकवलं. चौदाव्या वर्षी, 1935 मध्ये, तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला. हेच आपले द. वि. पलुस्कर. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांचा आवाज आहे, तो मुलांना जरूर ऐकवा. वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1955 मध्ये, ते गेले. त्यांचं गाणं वडिलांची नक्कल नव्हतं आणि विनायकबुवांचीही नव्हतं. गोड, स्वच्छ, मोजकं असं ते त्यांचं स्वतःचं होतं. दहाव्या वर्षी गुरू गमावलेल्या मुलाच्या घरी त्या वेळी कोणी ‘आता पुरे’ म्हटलं असतं, तर आपल्याला यातलं काहीच ऐकायला मिळालं नसतं.

देवधर मास्तरांचं उदाहरणही मनात ठेवा. ते पलुस्करांचे शिष्य, पण इतर घराण्यांच्या गवयांकडून जे जे मिळेल ते त्यांनी घेतलं आणि आपल्या शाळेत आणलं. लहानगे कुमार गंधर्व त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांना तिथे अनेक प्रकारचं गाणं कानावर पडलं. नव्या बाई तोच राग थोडा निराळा मांडतात म्हणून बिचकू नका. तुमच्या मुलाला दुसरी वाट दिसते आहे.

गुरू गेल्यावरही त्याचं काम पुढे चालवणं आपल्या नंदुरबार जिल्ह्यालाही नवं नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलामहाराजांनी आरतीची चळवळ उभी केली. हजारो आदिवासी बांधव एकत्र जमून आरती म्हणत, दारू सोडत, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान देत. 1938 मध्ये गुलामहाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले, सरकारच्या रोषाला सामोरे गेले, पण आरती थांबली नाही. ज्या जिल्ह्यात गाणाऱ्या समुदायाने एवढा मोठा आघात पचवला, तिथे आपण एका वर्गातला बदल पचवू शकत नाही असं मला वाटत नाही.

काठी गावच्या होळीला ढोल वाजतो, तो शिकवणारा एक कोणी नसतो. मुलगा बापाच्या शेजारी उभा राहतो, काकाच्या शेजारी राहतो, गावातल्या म्हाताऱ्याच्या शेजारी राहतो, आणि ताल त्याच्या अंगात येतो. नवापूरकडे डोंगऱ्यादेवाच्या दिवसांत पावरी वाजते, तिचंही असंच. अनेकांकडून थोडं थोडं शिकणं आपल्या मातीत जुनंच आहे.

याच ओघात एक मागणं. जिल्ह्यातली दोन-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे, पण शहरातल्या संगीत वर्गाच्या सतरंजीवर धडगाव-अक्कलकुव्याची मुलं क्वचित दिसतात. ती वसतिगृहात राहतात, त्यांचे आईबाप चांदसैली घाट उतरून फी भरायला येऊ शकत नाहीत. लयीची जाण मात्र त्यांना घरूनच मिळालेली असते. वर्ग वाढतोय ना, मग तो त्यांच्यापर्यंतही वाढू द्या. नव्या बाईंना तुम्ही पालकांनीच हे सुचवा आणि अशा एखाद्या मुलाची परीक्षा फी आपसात वाटून घ्या.

आता घरातल्या गोष्टींकडे येते. गुरू बदलले की पहिले काही महिने मूल गोंधळतं, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. नोटेशन हे त्यातलं एक. जुन्या सरांनी पलुस्कर पद्धतीने लिहायला शिकवलं असेल आणि नव्या बाई भातखंडे पद्धतीने लिहीत असतील, तर स्वरावरचं एकच टिंब मुलाला दोन उलट गोष्टी सांगतं. पलुस्कर पद्धतीत ते मंद्र सप्तक दाखवतं, भातखंडे पद्धतीत तार सप्तक. मूल वही बघून चुकीचं गातं आणि घरी आपण म्हणतो, शिकवणं बिघडलं. बाईंना सरळ विचारा, त्या पाच मिनिटांत उलगडून देतील.

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल तर आणखी सावध राहा. या वयात आवाज फुटतो. काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा काही महिन्यांत काळी एकवर, कधी त्याच्याही खाली येतो. वरचा ‘सा’ लागेनासा होतो, मध्येच आवाज चिरकतो, पोरगं लाजतं आणि गायचं टाळतं. हे नेमकं गुरू बदलण्याच्या काळात घडलं, तर सारा दोष नव्या शिक्षिकेच्या माथी बसतो. तो तिचा नाही, वयाचा आहे. चांगली शिक्षिका या दिवसांत पट्टी उतरवते, ताना थांबवते, खर्जाचा हलका रियाज देते किंवा काही काळ मुलाला तबल्याकडे, हार्मोनियमकडे वळवते. तुमच्या मुलाची पट्टी बाईंनी खाली आणली असेल, तर त्यांना काम कळतं असं समजा. घरी पाहुण्यांसमोर ‘ते वरच्या पट्टीतलं म्हण’ असा आग्रह या काळात अजिबात करू नका. आणि आपल्याकडे मिरचीच्या हंगामात, पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असताना, ठसक्याने घसा धरला तर रियाजाला दोन दिवस सुट्टी दिलेली बरी.

तक्रार करूच नये असं मी म्हणत नाही. एका तुकडीत पंचवीस मुलं बसवली असतील, सगळी एकदम कोरसमध्ये गात असतील आणि तुमच्या मुलीला आठवडाभरात एकदाही एकटीने गायला मिळत नसेल, तर वर्गात जाऊन बोला. ती तक्रार रास्त आहे. तानपुरा न लावता, नुसत्या हार्मोनियमच्या पट्ट्यांवर बोट ठेवून गाणं शिकवलं जात असेल, तरी बोला. मोबाइलवरचा तानपुराही चालेल, पण सूर कानावर सतत पडत राहायला हवा. नव्या बाई हसत नाहीत, त्या जुन्या सरांसारख्या गोष्टी सांगत नाहीत, त्यांचं वय कमी आहे, या मात्र तक्रारी नव्हेत. त्या घरीच ठेवा, आणि मुलांच्या कानावर तर मुळीच घालू नका. मूल आईबापाच्या तोंडून शिक्षिकेबद्दल जे ऐकतं, तेवढाच विश्वास तिच्यावर टाकतं.

जुन्या सरांनाही थोडं जपा. थांबल्यावर त्यांना रोज फोन करून ‘सर, तुमच्यासारखं कोणी नाही’ म्हणण्यात त्यांचा मान नाही. त्यांनी ज्यांच्या हाती वर्ग दिला, त्यांच्यावर आपण विश्वास ठेवला, की त्यांचा मान राखला जातो. त्यांच्याकडे मुलाला न्या, पण चार बंदिशी ऐकवायला न्या.

वर्गातले गुरू बदलले असतील, तर मुलाचं नाव निदान एक परीक्षा होईपर्यंत काढू नका. दिवाळीआधी निर्णय घेऊ नका. पहिल्या आठवड्यात मुलाबरोबर स्वतः जा, मागे सतरंजीवर बसा आणि पूर्ण तास ऐका. नव्या बाईंशी ओळख करून घ्या, फी वेळेवर द्या, घरी रोज वीस मिनिटं टीव्ही बंद ठेवून मुलाला रियाजाला बसवा. येत्या गुरुपौर्णिमेला मुलाला आधी जुन्या सरांच्या घरी न्या आणि तिथून सरळ नव्या बाईंकडे न्या. दोघांच्याही पाया पडू द्या.