‘गॉडफादर’ कादंबरीविषयी आमच्या वाचकांची मते

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस वरच्या वर्गातील मुलांमध्ये एक जाडजूड पुस्तक फिरत असल्याचे आमच्या ध्यानात आले. भूगोलाच्या पुस्तकाआड धरून ते वाचले जात असता एके दिवशी आमच्या हाती लागले. मारिओ पुझो या अमेरिकन लेखकाच्या ‘द गॉडफादर’ या कादंबरीचा तो मराठी अनुवाद होता. असे पुस्तक जप्त करून कपाटात टाकावे, हा शिक्षकाचा जुना रिवाज. आम्हीही ते जप्त केले. परंतु कपाटात न टाकता घरी नेले आणि दोन रात्री जागून वाचून काढले, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही वर्गात सांगितले, की ज्यांनी हे पुस्तक वाचले असेल, अथवा त्यावरील चित्रपट पाहिला असेल, त्यांनी अर्ध्या कागदावर आपले मत लिहून द्यावे. कोणासही शिक्षा होणार नाही. अपेक्षेहून अधिक कागद आले. त्या कागदांचा हा विचार आहे.

पालकमंडळींस प्रथमच सांगतो, की या पुस्तकातील काही प्रसंग कोवळ्या वयाच्या मुलांनी वाचण्याजोगे नाहीत, व खालच्या वर्गांतील मुलांच्या हाती ते देऊ नये, असे आमचे मत आहे. तथापि जे पुस्तक मुलांनी वाचलेच आहे, त्याविषयी मौन धरल्याने काय साधणार?

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. ही कादंबरी १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली व १९७२ साली फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी तिच्यावर चित्रपट काढला. इटली देशाच्या सिसिली बेटावरून न्यूयॉर्क येथे आलेला व्हिटो कॉर्लिओने हा तिचा नायक. गुन्हेगारीच्या गुप्त धंद्यांवर त्याने मोठे वैभव उभारले आहे. लोक त्यास ‘डॉन’ म्हणतात, आणि आदराने ‘गॉडफादर’, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या धार्मिक संगोपनाची हमी घेऊन जो उभा राहतो, तो धर्मपिता. आमच्या ख्रिस्ती घरांत हे नाते मोठ्या जिव्हाळ्याचे मानतात. त्याच नात्याचे नाव खुनाची आज्ञा देणाऱ्या मनुष्यास लाभावे, ही या पुस्तकातील पहिली बोचणारी गोष्ट. डॉनचा धाकटा मुलगा मायकेल युद्धात पराक्रम गाजवून आलेला व घरच्या धंद्यापासून दूर राहू इच्छिणारा असतो. कथेच्या शेवटी बापाच्या गादीवर तोच बसतो, आणि तो बापाहूनही थंड रक्ताचा निघतो.

आता मते पाहू. बहुतेक मुलांस डॉन आवडला. एकाने लिहिले, की तो गरिबाचे ऐकून घेतो. दुसऱ्याने लिहिले, की तो दिलेला शब्द पाळतो. तिसऱ्याने त्याची तुलना रामगोपाल वर्मा यांच्या २००५ सालच्या ‘सरकार’ या चित्रपटातील सुभाष नागरे याच्याशी केली, व ही तुलना अचूक आहे. कारण तो चित्रपट याच कथेवरून मुंबईच्या मातीत रचलेला आहे. एका मुलाने मात्र एकच वाक्य लिहिले: “असा एक मनुष्य आमच्या गावात असता तर बरे झाले असते.” हा मुलगा तलासरीकडील एका पाड्यावरचा. त्याचा कागद आम्ही बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

मुलांची ही आवड अकारण नाही. कादंबरीचा आरंभच असा योजला आहे, की वाचकाचे मन डॉनकडे ओढले जावे. बोनासेरा नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असतो. दोन तरुण त्याच्या मुलीस निर्दयपणे मारहाण करतात, आणि न्यायाधीश त्यांची शिक्षा स्थगित ठेवून त्यांस घरी जाऊ देतो. कायद्यावर आजवर विश्वास ठेवणारा हा बाप त्या दिवशी डॉनकडे जातो. डॉनच्या मुलीचे लग्न चालू असते, आणि सिसिलीच्या रिवाजाप्रमाणे मुलीच्या लग्नाच्या दिवशी कोणाचीही विनंती अव्हेरावयाची नसते. बोनासेरा किती पैसे द्यावे लागतील असे विचारतो. डॉनला याचा राग येतो. त्याला पैसे नको असतात. त्याला मैत्री हवी असते. काम होऊन जाते. त्याच्या मोबदल्यात पुढे कधीतरी एखादी सेवा मागितली जाईल, कदाचित मागितली जाणारही नाही, एवढेच ठरते.

येथे वर्गातील एका मुलीचे मत नोंदविले पाहिजे. तिने लिहिले, की मार त्या मुलीने खाल्ला. कोर्टात बाप गेला, डॉनकडे बाप गेला, सूड काय घ्यावयाचा हेही पुरुषांनीच ठरविले. तिला कोणी काही विचारले का? हा प्रश्न आमच्या स्वतःच्या वाचनातून निसटला होता.

आता लेखकाविषयी. पुझो हे १९२० साली न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीत इटालियन स्थलांतरितांच्या घरी जन्मले. या पुस्तकापूर्वीच्या त्यांच्या दोन कादंबऱ्यांस टीकाकारांनी नावाजले, परंतु पैसा मिळाला नाही. कर्ज मात्र वाढले. तेव्हा खपेल असे पुस्तक लिहावे म्हणून त्यांनी ही कादंबरी लिहिली, व तसे उघड सांगितलेही. खऱ्या गुन्हेगारांशी आपला परिचय नव्हता, सारे वाचून व ऐकून लिहिले, अशीही त्यांची कबुली आहे. पुढे त्यांनी असेही सांगितले, की डॉनचे शब्द लिहिताना आपणांस आपल्या आईचा आवाज ऐकू येत असे. कष्टाने घर सांभाळणाऱ्या एका विधवेसमान खंबीर बाईचा आवाज खुनी मनुष्याच्या मुखी घातला गेला, म्हणून तो इतका आपुलकीचा वाटतो. हे ऐकून वर्गातील डॉनचे भक्त किंचित वरमले.

मग खरे कॉर्लिओने कसे आहे? कॉर्लिओने हे केवळ कादंबरीतील आडनाव नव्हे. सिसिलीत त्या नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरील मोठ्या जमिनींचे मालक शहरांत राहत, आणि जमिनी मक्त्याने घेणारे मध्यस्थ व त्यांचे हत्यारबंद राखणदार शेतकऱ्यांवर सत्ता गाजवीत. माफियाची मुळे अभ्यासक ज्या ठिकाणी शोधतात, त्यांपैकी हे एक प्रमुख होय. सरकार दूर, कचेरी दूर. जवळ असे तो बंदूकवाला. संरक्षण तोच देई, आणि भीतीही तोच घाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शेतकरी पडीक जमिनी मागू लागले. १ मे १९४७ रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथे सणासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर साल्वातोरे जुलियानो याच्या टोळीने गोळ्या झाडल्या. ११ जण ठार झाले. पुढल्याच वर्षी, मार्च १९४८ मध्ये, खुद्द कॉर्लिओने गावातील प्लाचिदो रिझोत्तो हा शेतकऱ्यांचा पुढारी माफियाने पळवून नेऊन मारला व त्याचे प्रेत डोंगरातील खोल कपारीत टाकले. २००९ साली तेथे सापडलेले अवशेष त्याचेच असल्याचे २०१२ साली सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्यास शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. खऱ्या कॉर्लिओनेत गरिबांचा कैवारी म्हणावा असा मनुष्य तो हा. कादंबरीत त्याला जागा नाही.

हे सर्व आम्ही वर्गात सांगितले, पण ज्याने आमचे डोळे उघडले, तो वाचक वर्गातला नव्हता.

वर ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याचे वडील पालकसभेस आले होते. गृहस्थ वारली, वयाने प्रौढ, अक्षरओळख बेताची. मुलाने घरी रात्री बसून त्यांस सारी कथा सांगितली होती. आम्ही सहज विचारले, “तुम्हांस डॉन कसा वाटला?” ते म्हणाले, “गुरुजी, तो सावकारच की.” आम्ही म्हटले, “पण सावकार पैसे घेतो. याने तर पैसे नाकारले.” त्यावर त्यांनी उलट विचारले, “कागदावर अंगठा घेतला का?” नाही, असे आम्ही सांगितले. “मग ते कर्ज फिटणार कसे? कागद असता तर कधीतरी कोणी वाचून दाखविला असता, फाडला असता. नुसते मनात ठेवलेले कर्ज कोण फाडणार?”

त्यांचे आजोबा लग्नगडी होते. आजच्या मुलांस हा शब्द अपरिचित आहे, म्हणून सांगतो. वारली तरुणाचे लग्न ठरले, की जमीनदार लग्नाच्या खर्चापुरते थोडे पैसे देई. तो उपकारच वाटे. लग्न होत असे, पाहुणे जेवत. मात्र त्या दिवसापासून तो तरुण व त्याची बायको ही दोघेही त्या जमीनदाराची होत. मजुरी नाही, हिशेब नाही. मुद्दल कधी फिटले हे सांगणारा जमीनदारच. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या व १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविलेल्या पुस्तकात हे सारे प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे. लेखिकेच्या राजकीय मतांशी सर्वांनी सहमत व्हावे असा आमचा आग्रह नाही; परंतु डहाणू-तलासरीत राहून ज्याने ते पुस्तक वाचले नाही, त्याने आपल्या पायाखालची जमीन पाहिली नाही, असे आम्ही म्हणू. त्या वडिलांच्या बोलण्यानंतर आम्ही ते पुन्हा काढले, आणि पुझोच्या कादंबरीतील लग्नाचा मांडव व आमच्याकडील लग्नगड्याचा मांडव एकाच ठिकाणी उभे असल्यासारखे दिसू लागले. दोन्हीकडे लग्नाचा दिवस, दोन्हीकडे दात्याचा मोठेपणा, आणि दोन्हीकडे परतफेडीची मुदत लिहिलेली नाही.

बोनासेराचे पुढे काय झाले, ते या दृष्टीने वाचावे. एके रात्री त्याला निरोप येतो, की आता सेवेची वेळ आली आहे. तो मनुष्य भयाने अर्धमेला होतो. आपणांस कोणत्या खुनात सामील करून घेणार, कोणाचे प्रेत गुपचूप पुरावयास लावणार, याचा विचार करीत तो वाट पाहतो. प्रत्यक्षात डॉन आपल्या मारल्या गेलेल्या मुलाचे प्रेत घेऊन येतो, व आईने पाहावे इतपत त्याचे रूप नीट कर, एवढेच मागतो. प्रसंग करुण आहे. मुलांपैकी कित्येकांस येथे रडू आले. आमचे लक्ष मात्र त्याआधीच्या घटकाभराकडे गेले. मागणी लहान निघाली हे बोनासेराचे नशीब. नाही म्हणण्याचा हक्क त्याने लग्नाच्या दिवशीच देऊन टाकला होता.

एका विद्यार्थ्याने यावर आम्हांस अडविले. त्याचे म्हणणे असे, की कोर्टाने न्याय दिला नाही, मग बापाने करावे तरी काय? प्रश्न रास्त आहे, आणि कायद्यावर श्रद्धा ठेवा एवढे सांगून तो सुटत नाही. आमच्याच भागात वारल्यांस कचेरीत कोण उभे करीत होते? परंतु येथील लोकांनी एका डॉनच्या जागी दुसरा डॉन शोधला नाही, हे ध्यानी घ्यावे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० आदिवासी उघड्यावर जमले. वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, रोख १२ आणे मजुरी मिळाल्यावाचून काम करावयाचे नाही, असे त्यांनी सर्वांदेखत ठरविले. त्याची किंमतही द्यावी लागली: १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. तरीही १२ आणे हा आकडा महत्त्वाचा. तो सर्वांनी ऐकला होता, सर्वांस सारखा लागू होता, आणि तो हाती पडला की कोणाचे काही देणे उरत नव्हते. डॉनच्या कृपेस असा आकडा कधीच नसतो.

वेठबिगारी नाहीशी करणारा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला. लग्नगडी हा शब्द आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरला आहे. पण दिवाळीनंतर आमच्या वर्गांतील काही बाक रिकामे होतात, ते का, हे पालकांस सांगावयास नको. वीटभट्टीच्या शेठकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्याकरिता सारे कुटुंब भट्टीवर जाते. किती उचलले, किती फिटले, हे पुष्कळदा शेठच्या वहीतच असते.

डॉन आमच्या गावात हवा होता, असे लिहिणारा मुलगा पालकसभेच्या दुसऱ्या दिवशी तासानंतर मागे थांबला. कादंबरीविषयी काही विचारील असे आम्हांस वाटले. तो म्हणाला, “सर, भावाने भट्टीची उचल घेतली आहे. त्याचा कागद मागता येतो का?” येतो, असे आम्ही सांगितले. तारीख, रक्कम, घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे नाव, दोघांच्या सह्या, आणि पुढे दर आठवड्यास किती विटा पाडल्या त्याची आपली स्वतःची नोंद. त्याने वही उघडली. आणखी चार-पाच मुले माघारी येऊन बाकावर बसली, आणि मधली सुट्टी संपेपर्यंत आम्ही फळ्यावर रकाने आखीत होतो.