कंबरेचा एक्स-रे काढताना

‘रिपोर्टमध्ये लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस लिहून आलंय, म्हणजे ऑपरेशन करावं लागणार का?’ वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न हमखास असतो. उत्तर आहे, नाही. कंबरेच्या मणक्यांना पुढच्या बाजूला नैसर्गिक बाक असतो आणि तुमच्या फिल्मवर तो सरळ दिसतोय, एवढंच त्या ओळीत म्हटलेलं असतं. दुखण्यामुळे पाठीचे स्नायू आखडले की तो सरळ होतो. आणि एक्स-रेच्या टेबलावर कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, तरीही होतो! बाजूचा फोटो बहुतेक ठिकाणी असाच काढतात. तेव्हा ही एक ओळ वाचून रात्रीची झोप घालवू नका.

कंबरेत पाच मणके, एल-1 ते एल-5. त्यांच्या खाली पाच मणके जुळून झालेली त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. प्रत्येक दोन मणक्यांत एक गादी. मज्जारज्जू एल-1, एल-2च्या आसपासच संपतो, तिथून खाली नुसत्या नसांचा झुबका उतरतो. साध्या एक्स-रेत यातली फक्त हाडं दिसतात. गादी दिसत नाही, नसही दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रेत नस दबलेली दिसली’ असं कुणी सांगितलं तर जरा थांबा. ‘मणक्यात गॅप’ हाही असाच सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द. दोन मणक्यांत अंतर असायलाच हवं, तिथे गादी असते. ते कमी झालं तर गादी झिजल्याची शंका येते.

पण हे अंतर फिल्मवर खरं दिसायचं तर झोपणं नीट हवं. समोरच्या फोटोसाठी तुम्हाला उताणं झोपवतात. पाय सरळ पसरले की कंबर टेबलापासून उचलली जाते आणि मणके तिरके होतात. गुडघे वाकवून तळवे टेबलावर टेकवले की पाठ खाली बसते. टेक्निशियन तुमच्या दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडाची कड चाचपतो, ती उगीच नव्हे. ती कड साधारण चौथ्या मणक्याच्या पातळीवर येते आणि त्यावरूनच तो किरणांचा मध्य ठरवतो. मग ‘श्वास सोडा, आता रोखा’ म्हणतो. त्या क्षणी हललात तर फिल्म अस्पष्ट येते आणि पुन्हा किरण घ्यावे लागतात.

कुशीवरचा फोटो सगळ्यात जास्त बिघडतो. ज्यांचे नितंब रुंद आणि कंबर बारीक, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, कुशीवर झोपल्यावर कणा मधोमध टेबलाकडे झोळ खातो. मग किरण गाद्यांच्या जागेतून आरपार न जाता मणक्यांच्या कडांवर पडतात आणि शाबूत गादीही झिजल्यासारखी दिसते. उपाय अगदी साधा: कंबरेखालच्या पोकळीत घडी घातलेली चादर किंवा फोमचा तुकडा. गर्दीत तो राहून जातो, म्हणून तुम्हीच म्हणा, ‘कंबरेखाली आधार द्या’. खांदा किंवा खुबा दुखत असेल तर कुठल्या कुशीवर झोपणं जमेल तेही आधीच सांगा. एल-5 आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या जागेवर ओटीपोटाच्या हाडांची सावली पडते, त्यामुळे कधीकधी तेवढ्याच भागाचा वेगळा फोटो लागतो. तो मागितला म्हणजे काही भयंकर सापडलंय असं नाही.

कपड्यांचं म्हणाल तर करगोटा काढा. चांदीचा असो की मणी ओवलेला, नेमका एल-4वर त्याची रेघ उमटते. परकराच्या नाडीत खोचलेली सेफ्टी पिन, कमरेचा किल्ल्यांचा छल्ला, पँटची चेन, खिशातलं नाणं, सगळं बाजूला ठेवा. त्रिकास्थी किंवा माकडहाडाचा फोटो असेल तर आधी लघवीला जाऊन या. त्रिकास्थीसाठी नळी साधारण 15 अंश डोक्याकडे कलवतात, माकडहाडासाठी 10 अंश पायांकडे.

तिरका, 45 अंशांचा फोटो पूर्वी सर्रास काढत. त्यात मणक्याचा मागचा भाग छोट्या स्कॉटिश कुत्र्यासारखा दिसतो. कुत्र्याच्या मानेवर पट्ट्यासारखी काळी रेघ दिसली की तिथे हाडाला भेग आहे असं समजायचं. वेगवान गोलंदाजांना ही भेग जडते. जसप्रीत बुमराहच्या कंबरेतही 2019 मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं होतं. अकादमीत रोज गोलंदाजी करणाऱ्या तुमच्या मुलाची कंबर एकाच बाजूला दुखत असेल, तर साध्या एक्स-रेवर विसंबू नका. सुरुवातीची भेग एमआरआयवरच कळते. मणका पुढे सरकल्याची शंका असेल तर मात्र एक्स-रेच उपयोगी, तोही उभं राहून, पुढे आणि मागे वाकून काढलेला. झोपल्यावर सरकलेला मणका पुष्कळदा जागेवर येतो.

कंबरेच्या एक्स-रेत साधारण दीड मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग लागतो, छातीच्या एक्स-रेच्या कितीतरी पट, कारण किरणांना पोट ओलांडून जायचं असतं. निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतोच, त्यामुळे एका फोटोने घाबरायचं कारण नाही. पण दर महिन्याला ‘बघू या काय झालंय’ म्हणून फोटो काढणं मला पटत नाही. पाळी चुकली असेल किंवा दिवस गेल्याची जराही शंका असेल, तर खोलीत शिरण्याआधीच सांगा. आईला धरायला आत थांबायचंच असेल तर शिशाचा एप्रन मागून घ्या.

आणि एक्स-रे मुळात लागतो कधी? पडझड नाही, ताप नाही, पायात ताकद आहे, तर पहिले सहा आठवडे बहुतेकांना तो लागतच नाही. 2015 साली अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या सीटी आणि एमआरआयचा आढावा आला होता. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. फिल्मवरची झीज आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही, तो डॉक्टरांनी तुम्हाला तपासूनच ठरवायचा असतो.

संध्याकाळी कणकण येते, रात्री घाम फुटतो, वजन उतरतंय, एका विशिष्ट मणक्यावर बोट दाबलं की कळ उठते, तर क्षयरोगाचा विचार लगेच व्हायला हवा. त्यात सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून ‘फोटो चांगला आहे’ यावर थांबू नका. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. आणि बसायच्या जागेची संवेदना गेली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, पाऊल उचलेनासं झालं, तर एक्स-रेच्या रांगेत उभं राहू नका. एमआरआयची आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी, मग रात्र झाली तरी, जा.