पैचा हिशेब आणि देवगिरीची वाट

पाचोड, ता. पैठण

चि. सोनू हिस,


तुझी इंटर्नशिप सुरू झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. करसल्लागाराचं ऑफिस, आठवडाभर बिलांच्या एन्ट्र्या आणि शनिवार-रविवारी मैत्रिणींबरोबर मकबरा, दौलताबाद, वेरूळ पाहायचा बेत. पोरगी काम सोडून फिरण्यातच रमेल, अशी ताईला काळजी आहे. मला नाही. उलट तुझे कामाचे पाच दिवस आणि फिरण्याचे दोन दिवस एकमेकांपासून तोडू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय. माझी उभी नोकरी तलाठी म्हणून सातबारा आणि फेरफारात गेली. जे सांगतोय ते त्याच दप्तरानं शिकवलेलं आहे.

आधी दौलताबादला जा. खंदक, अंधारी, तोफा गाइड दाखवेलच. वर जनार्दनस्वामींची जागा आहे, तिथे मात्र थोडी निवांत बस. जनार्दनस्वामी म्हणजे देवगिरीवरचे मोठे अधिकारी, गडाचा कारभार पाहणारे. दर गुरुवारी त्यांच्या कचेरीला सुट्टी असे, असं परंपरा सांगते. आपल्या पैठणचा एक पोरका मुलगा चालत त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या हाताखाली हिशेब लिहू लागला. तेच आपले एकनाथ महाराज. एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्र जागून काढली आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट तू आजीकडून ऐकली आहेस. कीर्तनकार इथून परमार्थाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे, कारण गोष्टीतले गुरूही तिकडेच वळतात. माझं मन मात्र पुढच्या एका सालापाशी थांबतं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, याच नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ग्रंथाला तोवर जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. हातानं नकला होता होता शब्द बदलले होते, पाठ बिघडले होते. नाथांनी ते निवडून शुद्ध केले आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही लिहून ठेवली. एवढा मोठा कवी, स्वतः ओव्या रचू शकणारा, पण दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःचं अक्षर मिसळू दिलं नाही! पैसाठी जागणारा कारकून आणि ज्ञानेश्वरी शुद्ध करणारा संत यांच्या अंगी मला एकच सवय दिसते. ती सवय देवगिरीच्या कचेरीत मुरली, असं मी मानतो.

म्हणून तुझ्या टेबलावर आलेलं काम हलकं समजू नकोस. बँकेचं स्टेटमेंट आणि टॅली जुळत नसेल, तर कुणीतरी म्हणेलच, ‘सस्पेन्सला टाक, पुढे बघू.’ वरिष्ठांनी सांगितलं तर टाक, पण त्याआधी स्वतः शोधून बघ. फरकाला नऊनं भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहा. ५४ चे ४५ झाले की फरक नऊचाच पडतो. तसं नसेल तर फरकाच्या अर्ध्या रकमेची नोंद शोध, नावेची रक्कम जमेला गेलेली असू शकते. सापडलं की चूक कशामुळे झाली तेही वहीत लिही. महिन्याभरात त्या वहीतून तुला त्या ऑफिसचं काम कसं चालतं ते कळू लागेल.

डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, ही गोष्ट मी तुला कळकळीनं सांगतो. शेतात न जाता चावडीत बसून पीकपाहणी लिहिली, तर त्या एका ओळीवर पुढे पीककर्ज, नुकसानभरपाई, भावाभावांतले दावे असं सगळं उभं राहतं आणि शेतकरी वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो. तुझ्याकडचं बिलही तसंच. बिल हातात नसताना एन्ट्री करायला किंवा मागची तारीख टाकायला सांगितलं, तर शांतपणे विचार, ‘कागद कुठला लावू?’ या एका प्रश्नानं बऱ्याच गोष्टी जागेवर येतात. नाहीच आल्या तर कॉलेजातल्या मॅडमना सांग. पार्टीचा ओटीपी, पासवर्ड किंवा सहीचं टोकन तुझ्या ताब्यात ठेवून घेऊ नकोस. शिकाऊ मुलीवर ती जबाबदारी नसते. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचा आग्रह होऊ लागला तर पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हण आणि घरी कळव. यात भिडस्तपणा नको.

बीबीका मकबरा तू याआधी सहलीत पाहिलास, पण या वेळी एक आकडा मनात धरून जा: ६,६८,२०३ रुपये ७ आणे. शाहजादा आझमशहानं आई दिलरस बानू बेगमसाठी ही इमारत उभी केली आणि तिचा एवढा खर्च गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त नोंदलेला आहे. ताजमहालाशी तुलना करून लोक दोन मिनिटांत मकबऱ्याचा निकाल लावतात. मला ते पटत नाही. तुलना बाजूला ठेव आणि त्या सात आण्यांचा विचार कर. संगमरवर किती, चुना किती, गाड्या किती, मजूर किती, हे लिहीत गेलेल्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. त्यानं साडेसहा लाखांवरच्या रकमेपुढचे सात आणे सोडले नाहीत, म्हणून आज त्या भिंतीपुढे उभं राहून आपण खर्चाबद्दल नेमकं बोलू शकतो.

खुलताबादला गेलीस तर मलिक अंबरच्या कबरीपाशी जाऊन ये. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर चंगेजखान याच्या पदरी राहून कारभार शिकला. पुढे त्यानंच १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आज तू राहतेस ते शहर. जमीन मोजून, तिची प्रत ठरवून सारा बांधायची त्याची पद्धत आमच्या महसूल खात्यात आजही आदरानं सांगितली जाते. शहराला पाणी मिळावं म्हणून त्यानं डोंगरातून जमिनीखालून नहर आणली. पाणचक्कीला गेलीस तर तिथलं पाणी कुठून आणि कसं आणलं, ते विचारून घे.

वेरूळ, अजिंठ्याबद्दल मी काय सांगणार! फक्त दोन्ही एका सुट्टीत उरकू नकोस. एकट्या कैलास लेण्यालाच अख्खा दिवस दे. आधी वरच्या कड्यावरून पाहा, कारण ते वरून खाली कोरत आणलं आहे. मधल्या वारी सुट्टी मिळाली तर ध्यानात ठेव, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. जमलं तर कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जा. तिथे गर्दी नसते, म्हणून चार-पाच जणी मिळून जा. तिथल्या खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं दान कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा आपल्या तालुक्यातला दुकानदार! तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव आहे. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या दोघांनी काहीतरी दिलं, घडवलं, मग नाव लिहिलं. भिंतीवर खिळ्यानं नावं ओढणारी मुलं दिसली तर त्यांना हे सांग.

फोटो काढशील तेव्हा आधी माहितीच्या पाटीचा काढ. रात्री खोलीवर आल्यावर पानभर लिही: काय पाहिलं, कुणाला काय विचारलं, काय समजलं नाही. न समजलेलं लिहिलंस की पुढच्या रविवारी कुठे जायचं ते आपोआप ठरतं. स्टायपेंड थोडं आहे, ठाऊक आहे मला. एसटीनं फिर, डबा बरोबर ने, आणि पैसे कमी पडले तर मैत्रिणीकडे उसने मागण्याआधी मामाला फोन कर.

एक रविवार पैठणसाठी राखून ठेव. नाथांचा वाडा, घाट, नाथसागर, सगळं मी बरोबर येऊन दाखवतो. मामी म्हणते, मुक्कामाला पाचोडलाच यायचं.

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात नवं काम अंगावर घेऊ नकोस. कुठली फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या पार्टीचं काय अडलंय, कुणाला फोन करायचा राहिलाय, हे सगळं एका कागदावर लिहून टेबलात ठेव. तुझ्या जागी येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या दिवशी चार जणांना विचारत फिरावं लागता कामा नये. आणि प्रमाणपत्रावर तारखा आणि कामाचं स्वरूप नीट लिहून घे. नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे वाचून बघ, घरी आल्यावर नव्हे.

तुझा,
मामा