उतरल्यावर काय करायचं

वास्को-द-गामा, गोवा

चि. ऋचास,



तुझं पत्र मिळालं. डुंडीगलच्या हवाई दल अकादमीत तुझं पहिलं सोलो उड्डाण झालं हे वाचून मामीनं देवापुढे साखर ठेवली आणि मी ती बातमी गल्लीत सगळ्यांना सांगून आलो. पत्राचा उरलेला भाग मात्र कुरकुरीचा आहे. हवामानाचे तास, नकाशे, इंजिनाचे आराखडे, प्रथमोपचार हे सगळं डोक्यावरून जातं म्हणतेस. आपल्याला विमान चालवायचं आहे, पुढे हवाई दलातून अंटार्क्टिकावर जायचं आहे, तिथे या वह्यांचा काय उपयोग, असं विचारतेस.

मी जन्मभर नौदलाच्या हँगरमध्ये इंजिनं खोलली आणि जोडली. विमान उडवण्याबद्दल तुला शिकवण्याचा मला अधिकार नाही. पण तुला जे व्हायचं आहे ते शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका माणसाबद्दल सांगू शकतो. नॉर्वेचा याल्मार रीसर-लार्सन. आधी नौदलातला वैमानिक, मग ध्रुवीय संशोधक. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आयुष्यात जागोजाग सापडतं.

त्याचा जन्म १८९० चा, ओस्लोचा. १९०९ मध्ये तो नौदलाच्या अकादमीत गेला आणि १९१५ मध्ये नौदलाच्या नव्याकोऱ्या विमान शाखेत दाखल झाला. पुढे काही काळ त्यानं त्या शाखेच्या विमान कारखान्याचा कारभार पाहिला. इंग्लंडला जाऊन हवाई जहाज, म्हणजे वायूनं भरलेलं ते अजस्र धूड, चालवायचंही शिकून आला. यातली कुठलीही गोष्ट शिकताना आपण ध्रुवाकडे जाणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे त्यातली एकही वाया गेली नाही.

आता १९२५ सालाकडे ये. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणारा रोआल्ड अमुंडसेन तेव्हा कर्जबाजारी झालेला होता. लिंकन एल्सवर्थ या अमेरिकी माणसाच्या घरच्या पैशातून पाण्यावर उतरणारी दोन डॉर्निए वाल विमानं घेतली गेली. नावं साधीच, एन-२४ आणि एन-२५. प्रत्येकात तिघं: वैमानिक, दिशा पाहणारा आणि मेकॅनिक. एन-२५ रीसर-लार्सनच्या हाती होतं, शेजारी अमुंडसेन, मेकॅनिक कार्ल फॉइश्ट. दुसऱ्यात लाइफ डीट्रिकसन, एल्सवर्थ आणि मेकॅनिक ओस्कार ओमदाल.

२१ मे रोजी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या किंग्ज बेहून ही विमानं उत्तर ध्रुव गाठायला निघाली. आठेक तासांनी, निम्मं इंधन संपल्यावर, बर्फात पाण्याची चीर दिसली तेव्हा ती खाली उतरली. एन-२५ चं इंजिन तेव्हा कुरबुरत होतं. एन-२४ चा तळ फुटून आत पाणी शिरू लागलं होतं. जागा होती ८७ अंश ४३ मिनिटं उत्तर अक्षांश, ध्रुवापासून अडीचशे किलोमीटर अलीकडे. दोन्ही तुकड्या एकमेकींपासून काही किलोमीटरवर उतरल्या होत्या, पण मध्ये बर्फाचे उंचसखल ढीग. एकत्र यायला त्यांना पाच दिवस लागले आणि त्या वाटचालीत डीट्रिकसन आणि ओमदाल बर्फातून खाली पाण्यात गेले. एल्सवर्थनं त्यांना ओढून काढलं.

सहा माणसं आणि उडू शकेल असं एकच विमान. बर्फावरून उडायचं तर धावपट्टी हवी आणि ती तिथे कुणी बांधून ठेवलेली नव्हती. हाताशी मोजकी फावडी, कुऱ्हाड आणि सुऱ्या. शिधा माणशी दिवसाला जेमतेम पाव किलोवर आणलेला. एक पट्टी करावी तर बर्फाला तडा जाई, दुसरी करावी तर विमान पातळ थरातून खाली रुते. रीसर-लार्सन आणि ओमदाल नवी जागा शोधत हिंडले आणि त्यांना एक मोठी, भक्कम लादी सापडली. तिच्यावरचं ओलं जड बर्फ उपसण्याइतकी ताकद कुणात उरली नव्हती. तेव्हा ओमदालच्या लक्षात आलं की ते पायांनी तुडवलं तर रात्रीत गोठून कडक होतं. आपल्याकडे खळं चोपतात ना, तसं सहाजणांनी मिळून ते बर्फ चोपून काढलं. त्या तीन-साडेतीन आठवड्यांत त्यांनी पाचशे टनांच्या आसपास बर्फ हलवलं असा अंदाज आहे.

इथे जरा थांब, ऋचा. देशातला नावाजलेला वैमानिक, आणि त्याच्या त्या मोहिमेतला बहुतेक वेळ फावडं मारण्यात गेला. ज्या युक्तीनं सगळे वाचले ती मेकॅनिकला सुचली आणि वैमानिकानं ती निमूटपणे उचलली. हुद्द्याचा अहंकार आड आला असता तर सहाही जण तिथेच राहिले असते.

शिधा संपत आला होता. चालत ग्रीनलंडकडे निघायचं की तिथेच थांबायचं, हे १५ जूनला ठरवायचं असं अमुंडसेननं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच दिवशी, नको ते सगळं सामान बर्फावर टाकून, तिघांसाठी केलेल्या विमानात सहाजण बसले. पट्टी सुमारे पाचशे मीटर, आणि पुन्हा प्रयत्न करायला ना शक्ती होती ना इंधन. रीसर-लार्सननं विमान उचललं. आठ तासांहून जास्त उडून, इंधन तळाला गेलेलं असताना, त्यानं ते स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येकडच्या बेटाजवळ समुद्रात उतरवलं. सील मारायला निघालेल्या एका जहाजानं त्यांना उचललं. जगानं तोवर त्यांची आशा सोडली होती.

त्या एका उड्डाणासाठी त्याची आठवण काढतात. मला विचारशील तर ते उड्डाण त्या आठवड्यांच्या कामाचा शेवटचा भाग होता. अंगात हिंमत असलेली माणसं हवाई दलात पुष्कळ भेटतील. विमान बसल्यावर काय करायचं हे ज्याला कळतं, तो ध्रुवावरून परत येतो. तुझ्या त्या कंटाळवाण्या वह्यांमध्ये हेच शिकवलेलं असतं.

पुढच्याच वर्षी अमुंडसेन, एल्सवर्थ आणि इटलीचा उंबर्तो नोबिले यांनी ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज ध्रुवावरून न्यायचं ठरवलं. जहाजाचा कप्तान नोबिले. इतकं नाव झाल्यावर रीसर-लार्सननं कुठल्या जागेसाठी हट्ट धरला असेल? कुठल्याच नाही. त्यानं दिशा पाहण्याचं काम घेतलं, सेक्स्टंट आणि वही. ११ मे १९२६ ला सोळा माणसं निघाली, १२ मे रोजी सूर्याची उंची मोजून त्यानं ध्रुव आल्याचं सांगितलं आणि १४ मे रोजी जहाज अलास्कातल्या टेलर गावी उतरलं. ‘नॉर्गे’ ध्रुवावर पोचण्याआधी तीनच दिवस रिचर्ड बर्ड या अमेरिकी नौदलाच्या वैमानिकानं विमानातून ध्रुव गाठल्याचा दावा केला होता. त्या दाव्यावर अजून वाद चालू आहे. ‘नॉर्गे’बद्दल वाद नाही. नेव्हिगेशनच्या तासाला जांभई आली की एवढं आठव. पोचणं आणि पोचल्याचं सिद्ध करणं या दोन गोष्टी आहेत आणि दुसरी आकड्यांवर उभी राहते.

पुढे श्रेयावरून अमुंडसेन आणि नोबिले यांचं विकोपाला गेलं. २५ मे १९२८ ला नोबिलेचं ‘इतालिया’ हे हवाई जहाज बर्फावर आदळलं, तेव्हा जुनी भांडणं बाजूला ठेवून जे शोधायला धावले त्यांत रीसर-लार्सन होता. तो आणि फिन ल्युत्सोव-होल्म छोटी विमानं घेऊन बर्फावर घिरट्या घालत होते. खालच्या तंबूतल्या माणसांना ती विमानं दिसली. वरून यांना तंबू दिसला नाही. इतक्या कसलेल्या डोळ्यांचं हे झालं, हे ध्यानात ठेव. अमुंडसेनही शोधाला निघाला आणि परत आलाच नाही. त्याच्याबरोबर डीट्रिकसन गेला. ओमदाल त्याआधीच अटलांटिकवर नाहीसा झाला होता. बर्फावरच्या त्या सहाजणांपैकी तिघं सुमारे तीन वर्षांत उडतानाच गेले. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. ज्या धंद्यात जात आहेस त्याचा हिशेब तुला माहीत असावा म्हणून लिहितो.

मग रीसर-लार्सन दक्षिणेला वळला. सँडेफ्योर्डचा व्हेल-व्यापारी लार्स क्रिस्टेन्सन याच्या ‘नोर्वेजिया’ जहाजावरून १९२९ ते १९३१ मध्ये त्यानं अंटार्क्टिकाचा कधी न पाहिलेला किनारा विमानातून पाहिला आणि नकाशावर आणला. तो भाग आज क्वीन मॉड लँड म्हणून ओळखला जातो. जानेवारी १९३० मध्ये ऑस्ट्रेलियाचा डग्लस मॉसन तिथेच आपल्या जहाजावर होता. दोन देशांची चढाओढ होती, पण दोघं भेटले, बोलले आणि ४५ अंश पूर्व रेखांश ही आपापल्या कामाची हद्द ठरवून वेगळे झाले.

१९३३ मध्ये रीसर-लार्सन दोन साथीदार आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत लांबचा प्रवास करायला उतरला. पहिल्याच रात्री पायाखालचा बर्फ फुटला. कुत्री आणि सामान गेलं. तिघांना व्हेल पकडणाऱ्या बोटीनं वाचवलं. मोहीम संपली. तो रुसून बसला नाही, घरी जाऊन एका विमान कंपनीत नोकरीला लागला. वेळापत्रकं, धावपट्ट्या, वैमानिकांच्या नेमणुका पाहू लागला. १९४० मध्ये जर्मनीनं नॉर्वे घेतल्यावर कॅनडात टोरोंटोला ‘लिटल नॉर्वे’ नावाची छावणी उभी राहिली आणि तिथे नॉर्वेची तरुण मुलं विमान शिकली. ती उभारण्यात त्याचा मोठा हात होता. पुढे तो देशाच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. निवृत्त झाल्यावर पुन्हा नागरी विमानसेवेत गेला आणि उत्तर ध्रुवावरून जाणारे प्रवासी मार्ग आखायला मदत केली. १९६५ मध्ये वारला. ज्या बर्फावर एकदा पाव किलो शिध्यावर दिवस काढले, त्याच्यावरून लोक जेवणाचे ट्रे पुढ्यात घेऊन जाऊ लागलेले त्यानं पाहिले.

हा परदेशी माणूस आपल्याला काय करायचा, असं मनात आणू नकोस. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली इथून, गोव्याहूनच निघाली. तिच्या मागोमाग उभं राहिलेलं दक्षिण गंगोत्री आणि नंतरचं मैत्री, दोन्ही तळ क्वीन मॉड लँडमध्येच उभारले गेले. त्या मोहिमांचं काम पाहणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आमच्या घरापासून दूर नाही, सड्यावर आहे. हल्ली मैत्रीला जाणारी माणसं केपटाउनहून विमानानं जातात आणि निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतात. ती पट्टी दर हंगामात कुणीतरी साफ करून ठेवतं, म्हणून ती उतरू शकतात.

आता माझं सांगणं. हवामानाचा तास चुकवू नकोस. विमानातून उतरल्यावर थेट मेसकडे पळण्याऐवजी थोडा वेळ हँगरमध्ये काढ आणि तुझ्या विमानाला हात लावणाऱ्या माणसाशी बोल. तो हुद्द्यानं खाली असेल, तरी त्याला अहो म्हण. दुसऱ्या नंबरची जागा मिळाली तर तीही नीट कर. अपयश आलं तर दुसऱ्या दिवशी कामाला लाग. आणि अंटार्क्टिकाचं स्वप्न सोडू नकोस, फक्त त्याची तयारी आत्ता, या वह्यांपासून कर. नेव्हिगेशनच्या पेपरात किती गुण पडले ते पुढच्या पत्रात कळव. कमी असले तरी कळव.

तुझा,
मामा