फार्स बसवणाऱ्यांसाठी ‘सम लाइक इट हॉट’

हौशी संस्थेत फार्स बसवायला घेतला की संहिता वाटण्याआधी मी नटमंडळींना बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) दाखवतो. “सर, ब्लॅक अँड व्हाइट?” ही कुरकूर ठरलेली. शववाहिनीवर गोळीबार होऊन शवपेटीतून दारू गळू लागली की ती आपोआप थांबते. इतक्या पारायणांत हाती लागलेलं थोडं इथे देतो.

१. आधी भीती खरी हवी. शिकागो, १९२९, दारूबंदीचा काळ. जो आणि जेरी हे दोन कफल्लक वादक गॅरेजमधलं हत्याकांड डोळ्यांदेखत पाहतात आणि गुंडांपासून जीव वाचवायला बायकांच्या बँडमध्ये बाई होऊन शिरतात. ओळखले गेलो तर मेलो, ही धास्ती शेवटपर्यंत सुटत नाही. आपल्याकडे स्त्रीपार्ट मिळाला की नट आधी कंबर हलवतो. त्याला विचारावं, पकडला गेलास तर तुझं काय जाईल? उत्तर येईपर्यंत लुगडं नेसवू नये.

(‘अशी ही बनवाबनवी’ यावरूनच घेतलाय, असं कुणीतरी हमखास म्हणतं. तो हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून आला. यावरून झाला तो ‘रफू चक्कर’, १९७५ सालचा.)

२. विनोद पायांत असतो. फलाटावर उंच टाचांवर जेरी झालेल्या जॅक लेमनचे घोटे लटपटतात. शेजारून मेरिलिन मन्रो झपझप जाते, गाडीची वाफ फस्सकन अंगावर येते, ती दचकून पुढे सटकते. तो बघतच राहतो.

३. हशाला जागा ठेवा. हे सगळ्यात अवघड. म्हाताऱ्या श्रीमंत ऑसगूडबरोबर रात्रभर टँगो नाचून आलेला जेरी पलंगावर पडून सांगतो, माझं लग्न ठरलं. इथे वाइल्डरने लेमनच्या हातात खुळखुळे दिले. एक वाक्य, मग खुळखुळे वाजवत गुणगुणणं, मग पुढचं वाक्य. प्रेक्षकांच्या हशात पुढचं वाक्य बुडू नये म्हणून ही सोय होती, पण बघताना वाटतं की गडी आनंदाने येडा झालाय. आमचे नट हशा आला की पुतळ्यासारखे थांबतात नाहीतर त्यावरूनच वाक्य रेटतात. दोन्ही वाईट. हाताला काम द्या: पानाचा डबा, पंखा, काहीही. मात्र ते पात्राचं काम असावं.

४. अडचण कामाला लावा. मन्रोच्या करारात रंगीत चित्रपटाची अट होती. पण चाचणीत बाई झालेल्या दोघा नटांचे रंगवलेले चेहरे हिरवट दिसले, म्हणून चित्रपट कृष्णधवल झाला. सोंग त्यामुळेच खपलं.

५. कष्ट दिसता कामा नयेत. मन्रोला तीन शब्दांच्या एका वाक्यासाठी चाळीसवर टेक लागले, असं वाइल्डर सांगत. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. रंगमंचावर रीटेक नसतो, तेव्हा ते चाळीस तालमीत काढा.

६. पडदा वेळेवर पाडा. मोटारबोटीत जेरी लग्न टाळायला एकेक कारण देतो, शेवटी टोप उपटून आपण पुरुष असल्याचं सांगतो. ऑसगूडचं हसू तसूभरही हलत नाही. तो एक छोटं वाक्य बोलतो आणि चित्रपट संपतो. पुढे काय झालं, कुणी सांगत नाही. वाइल्डर आणि सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी ते वाक्य तात्पुरतं लिहून ठेवलं होतं; चांगलं सुचलं की बदलू म्हणून. तेव्हा मंडळी, तालमीत सुचलेलं कच्चं वाक्य खोडण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून बघा.